चुकांची पंगत

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या राजाच्या राज्यात घडली त्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. नदीकाठी एक गाव होतं. गावाभोवती ऊस होता आणि गावाच्या मधोमध एक गुऱ्हाळ. तिथला गूळ पिवळाधमक, खमंग, आणि दातानं तोडला तर कट् असा आवाज करणारा. दूरदूरचे लोक गूळ न्यायला यायचे आणि जाताना गावाबद्दल एक नवलाची गोष्ट सांगत जायचे.

नवलाची गोष्ट म्हणजे तिथली चुकांची पंगत.

हंगाम संपला, गुऱ्हाळाच्या भट्टीचं चुलवाण विझलं, की देवळासमोरच्या अंगणात सगळं गाव जेवायला बसे. पानं मांडली जात, पुरणपोळ्यांचा वास सुटे, पण पोळी लगेच पानात पडत नसे. आधी उभं राहायचं, वर्षभरात आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची, तिच्यातून काय शिकलो ते सांगायचं, आणि मग खाली बसायचं. मग पोळी मिळे, आणि शेजारच्यानं आपल्या हातानं तिच्यावर तूप सोडायचं. मोठ्या चुकीला जरा जास्तच तूप पडे, असं म्हणतात.

पंगतीत सांगितलेला धडा ठकूमावशी चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं लिहीत. ठकूमावशी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांचं अक्षर मोठं आणि तोंड त्याहून मोठं. भिंतीवर असे धडे होते: ‘नवी वहाण घालून लांबच्या लग्नाला जाऊ नये.’ ‘बियाण्याचं पोतं मांजराच्या भरवशावर ठेवू नये, मांजर झोपतं.’ ‘मेहुण्याला बैल देण्याआधी मेहुण्याकडे नीट बघावं.’ तुम्ही हसाल, पण ते गाव भिंतीचं ऐकत असे. गेल्या वीस वर्षांत तिथं कुणाच्या पायाला लग्नात फोड आला नव्हता.

भिंतीचा एक नियम होता. लिहिलेली ओळ पुसायची असेल, तर ती खोटी का, हे कुणीतरी भर पंगतीत उभं राहून सांगायला हवं. आजवर एकही ओळ पुसली गेली नव्हती.

या गावात रंभाजी नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे काहिलीपाशी, रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभा राहून रस कधी पाक झाला आणि पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. काम फार नाजूक. क्षणभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. रंभाजी पाकाचा एक थेंब गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळून बघे आणि सांगे, झाला. आणि खरोखरच झालेला असे. हात कसबी होता यात शंका नाही. पण कसबाबरोबर त्याच्या अंगात ताठाही आला होता.

चूक सांगायची वेळ आली, की रंभाजीची मोठी पंचाईत होई. एका वर्षी तो उठून म्हणाला होता, माझी चूक ही, की मी फार कष्ट करतो. दुसऱ्या वर्षी म्हणाला, माझी चूक ही, की माझा स्वभाव फार सरळ आहे. ठकूमावशी हातात गेरू धरून विचारत, मग यातून धडा काय लिहू? आणि रंभाजी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणत, राहू दे बाबा, यंदा भिंतीवर जागा कमी आहे. अशी नऊ वर्षं भिंतीवर जागा कमी होती.

गुऱ्हाळात जाळ घालायचं काम येसूकडे होतं. तिच्या आईनं आणि आजीनं त्याच चुलवाणात जाळ घातला होता. काहील वर, चुलवाणाचं तोंड खाली खड्ड्यात. येसू त्या खड्ड्यात बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारी. तिथून तिला काहील दिसत नसे. वरून रंभाजी सांगे, वाढव, आणि ती वाढवी. तो सांगे, ओढ, आणि ती जाळ बाहेर ओढी. बारा वर्षं ती त्याच्या आवाजावर काम करत होती, आणि त्या आवाजावर तिचा देवावर असावा तेवढा भरवसा होता.

एका हंगामात, अगदी शेवटी शेवटी, राजवाड्याच्या कोठीचे कारभारी गुऱ्हाळ बघायला आले. पुढच्या वर्षी राजकन्येचं लग्न होतं आणि त्यांना लग्नासाठी गूळ ठरवायचा होता. पाक उकळत होता. कारभाऱ्यांनी सहज विचारलं, की गुळव्या, तुमची काहील कधी बिघडते का हो?

एवढं विचारायचा अवकाश. रंभाजीनं काहिलीकडे पाठ केली, कमरेवर हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. आपल्या हातून आजवर एकही काहील कशी बिघडली नाही, शेजारच्या गावचा गुळव्या आपल्याकडे कसा शिकायला आला होता, आपल्या बोटांना पाक कसा दुरूनच कळतो. कारभारी मान डोलावत होते, त्यामुळे तो आणखी सांगत गेला. शेवटी कारभाऱ्यांनीच हवा हुंगत विचारलं, हा कसला वास?

रंभाजी वळला तेव्हा काहिलीत काळाकुट्ट पाक बुडबुडत होता.

त्याचं तोंड पाकाइतकंच काळं पडलं. एका क्षणात त्याला सगळं दिसलं. कारभाऱ्यांचं हसू, गावातली कुजबूज, नऊ वर्षांच्या पंगती. आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला, “जाळ फार झाला.”

खड्ड्यातून येसू वर आली. चेहऱ्यावर राख, कपाळावर घाम. तिनं काहिलीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “माझं चुकलं, अण्णा.”

रंभाजी तेव्हाच बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. तो मनात म्हणाला, आत्ता पाहुण्यांसमोर नको, नंतर सांगू. पण त्याचं नंतर काही येईना. कारभारी जाताना म्हणाले, की पुढच्या पौषात बारा गाड्या घेऊन येईन, तेव्हा तरी जाळाकडे नीट लक्ष द्या, नाहीतर नदीपलीकडच्या गावाला सांगावं लागेल.

आठ दिवसांनी पंगत बसली. येसू उभी राहिली आणि तिनं सरळ सांगितलं, की शेवटच्या उकळीला माझ्या हातून जाळ जास्त झाला, काहील करपली, गावाची मान खाली गेली. यापुढे शेवटच्या उकळीला जाळ अर्ध्यावर आणायचा, हे मी शिकले. लोकांना तिचं कौतुक वाटलं. तिच्या पोळीवर एवढं तूप पडलं, की पानातून ओघळलं. ठकूमावशींनी भिंतीवर लिहिलं: ‘शेवटच्या उकळीला जाळ अर्ध्यावर आणावा.’

मग रंभाजी उठला आणि म्हणाला, माझी चूक ही, की मी दुसऱ्यांवर फार विसंबतो. ठकूमावशींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि गेरू खाली ठेवला. रंभाजीच्या पानात पोळी पडली. ती काही केल्या घशाखाली उतरेना, म्हणून तो दोन तांबे पाणी प्यायला.

तरीही तो स्वतःची समजूत घालत राहिला. येसूला कुणी कामावरून काढलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, उलट तूप मिळालं. यात कुणाचं काय नुकसान झालं? त्याला वाटलं, खोटं बोलून झालं की ते तिथंच पडून राहतं. पण हे पडलं होतं त्या गावात, जे गाव भिंतीचं ऐकत होतं.

पुढचा हंगाम सुरू झाला. पहिली काहील चढली. शेवटच्या उकळीला येसूनं जाळ अर्ध्यावर आणला. पाक रेंगाळला. रंभाजी गोळी वळून बघे आणि गोळी बोटांतून निसटे. दुप्पट वेळ लागला, रंग तांबूस काळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी ढेपेवर बोट टेकवलं तर बोट आत गेलं. रंभाजीला कारण ठाऊक होतं. मंद जाळावर पाक फार वेळ राहिला, की गूळ धरत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या काहिलीला तो वरून म्हणाला, “वाढव, येसू.”

खालून उत्तर आलं, “नाही अण्णा. भिंतीवर लिहिलंय. आणि तुम्हीच म्हणाला होता ना, जाळ फार झाला म्हणून?”

बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याचं ऐकलं नाही, आणि तेही त्याचंच ऐकून.

दुसरी काहीलही बिघडली. गावातले जाणते जमले, भिंतीसमोर उभे राहिले, दाढ्या कुरवाळल्या, आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की धडा पाळूनही गूळ बिघडतो म्हणजे धडा अजून पुरता पाळला गेलेला नाही. तेव्हा जाळ अर्ध्याच्याही अर्ध्यावर आणावा. हा शहाणपणा अमलात आला आणि तिसऱ्या काहिलीतून जे निघालं त्याला गूळ म्हणणं कठीण होतं. पोरं मात्र खूश होती. ती दिवसभर बोटं बुडवून चाटत हिंडली, आणि गावातल्या प्रत्येक दाराची कडी चिकट झाली.

मोठ्यांना हसू येत नव्हतं. तोडलेला ऊस वाळत होता आणि बारा गाड्या यायला सहा दिवस उरले होते. संध्याकाळी चावडीवर बसून जाणत्यांनी ठरवलं, की येसूला चुलवाणावरून उठवावं. भिंत तर चुकत नाही, गुळव्याही चुकत नाही, तेव्हा चुकत असतील ते येसूचे हात. येसू तिथंच उभी होती. तिनं वाद घातला नाही. फक्त म्हणाली, की माझ्या आईचे हात असे नव्हते, माझेच कसे काय बिघडले कोण जाणे.

घरी जाताना रंभाजी नदीवरून गेला. येसू तिथं पाण्यात हात धूत होती. धुऊन झाले तरी ती हात पुढे धरून बघत राहिली, एकदा तळवे, एकदा उलटे, जणू ते दुसऱ्याचे हात होते. रंभाजीला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो वळला आणि तडक ठकूमावशींच्या घरी गेला.

त्यानं त्यांना सांगितलं, की उद्याच पंगत बसवा. ठकूमावशी डाळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, की पंगत हंगामानंतर असते, तुला एवढी घाई कसली? रंभाजी म्हणाला, मला एक चूक सांगायची आहे. तेव्हा मात्र ठकूमावशींच्या हातातलं सूप थांबलं.

“खरी?” त्यांनी विचारलं.

“खरी, मावशी. आणि मोठी.”

“अरे, पण पंगतीला पुरण लागतं. पुरणाला गूळ लागतो. आणि गूळ तर तुझ्या काहिलीत वाहतोय.”

रंभाजी म्हणाला, जो आहे त्याचंच करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. पुरण इतकं सैल होतं, की पोळ्या लाटता लाटता फुटत होत्या, आणि बायका तव्याशी हसून हसून बेजार झाल्या होत्या. अवेळी पंगत कशाची, हे कुणाला माहीत नव्हतं. रंभाजी उठला. आज त्याचे हात कमरेवर नव्हते. कुठं ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं.

तो म्हणाला, “मागच्या वर्षी जाळ बरोबर होता. येसूनं मी सांगितलं तेवढाच घातला होता. मी काहिलीकडे पाठ करून माझी फुशारकी सांगत उभा होतो, म्हणून पाक करपला. दोष मी तिच्यावर ढकलला. भिंतीवरची ती ओळ खोटी आहे आणि ती माझ्यामुळं लिहिली गेली.”

सगळे येसूकडे बघू लागले. येसू उठली. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही.

“वर्षभर मी माझ्या हातांना नावं ठेवली, अण्णा,” ती म्हणाली. “घरची भाकरी करपली तरी वाटायचं, आपले हातच वाईट. तुमच्या एका शब्दानं एवढं केलं.”

रंभाजी म्हणाला, की तू म्हणशील ते मी करीन. गुऱ्हाळ सोड म्हणालीस तर सोडतो. कुणीतरी मागून म्हणालं, सोडायलाच हवं. येसूनं थोडा विचार केला. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं.

“सोडायचं कशाला? उद्या तुम्ही खाली बसा. मी वर उभी राहते.”

ठकूमावशी ओला फडका घेऊन भिंतीपाशी गेल्या. ओळ पुसायला त्यांनी रंभाजीच्याच हातात फडका दिला. गेरू मुरला होता, त्यामुळे त्याला बराच वेळ घासावं लागलं. सगळं गाव पोळ्या हातात धरून बघत होतं. तो परत येऊन बसला तेव्हा त्याच्या पानात एक फुटकी पोळी पडली. शेजारी बसलेल्या येसूनं तुपाची वाटी उचलली, क्षणभर थांबली, आणि रीतीपुरतं एक चमचा तूप सोडलं. त्याहून जास्त नाही. रंभाजीनं ती पोळी खाल्ली आणि ती सरळ पोटात गेली.

दुसऱ्या दिवशी रंभाजी खड्ड्यात उतरला. धग तोंडावर येत होती, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि वर मान करून बघावं तर काहिलीचं काळं बूड. पाक उकळतोय की करपतोय, काही कळत नव्हतं. कळत होता तो फक्त वरून येणारा येसूचा आवाज. ती म्हणाली वाढव, की तो वाढवी. मध्येच ती गप्प झाली, तर त्याचा जीव कासावीस होई, आणि त्याच्या मनात येई, की वरचं माणूस आत्ता काहिलीकडे बघतंय ना? बारा वर्षं येसू इथं बसून आपल्यावर भरवसा ठेवत होती, हे त्याला डोक्यानं माहीत होतं. आज ते त्याच्या घामातून त्याला कळलं.

वर येसूनं थेंब पाण्यात टाकला. गोळी वळली. बारा वर्षं तिनं पाकाचा आवाज खालून ऐकला होता. पाक होत आला की त्याचा आवाज जाड होतो, हे रंभाजीच्याही कधी लक्षात आलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. तिनं सांगितलं, “ओढा अण्णा,” आणि काहील उतरली.

ढेप सकाळी सोडवली. पिवळीधमक. ठकूमावशींना तीनच दात उरले होते, तरी त्यांनी तुकडा तोडला आणि कट् असा आवाज झाला. तो ऐकून गावानं सुटकेचा श्वास सोडला. उरलेल्या दिवसांत दोघांनी आलटून पालटून वर आणि खाली काम केलं, आणि गाड्या आल्या तेव्हा अकरा गाड्या भरतील एवढा गूळ तयार होता. बाराव्या गाडीबद्दल कारभाऱ्यांनी विचारलं, तेव्हा रंभाजीनं काय घडलं ते काही न लपवता सगळं सांगितलं. कारभारी हसले आणि म्हणाले, की मागच्या वर्षी तुम्हाला बोलतं मीच केलं होतं, तेव्हा बाराव्या गाडीचा दोष अर्धा माझा. बारावी गाडी रिकामी गेली, पण पुढच्या वर्षीचा गूळ तिथंच ठरला.

तेव्हापासून त्या गुऱ्हाळात एक रीत पडली. जाळ घालणारा आठवड्यातून एकदा काहिलीपाशी उभा राहतो आणि गुळव्या एकदा खड्ड्यात बसतो. रंभाजी थकला तेव्हा येसूच गावाची गुळवी झाली. आणि भिंतीवर, जिथं ओळ पुसली होती त्या तांबूस डागावर, ठकूमावशींनी रंभाजीच्या नावाचा पहिला धडा लिहिला. नऊ वर्षं जागा कमी होती, पण या धड्याला ती बरोबर पुरली. ‘कौतुक ऐकताना तोंड काहिलीकडे ठेवावं.’

म्हातारा रंभाजी पुढं पुष्कळ वर्षं गुऱ्हाळात येऊन बसे. पाहुणे आले, की त्याला बोलायची उबळ येई. तो सुरू करी, की अहो, एकेकाळी माझ्या हातचा गूळ म्हणजे... तेवढ्यात येसू काहिलीवरची नजर न काढता म्हणे, “अण्णा, पाक.” आणि रंभाजी हसून गप्प बसे.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, या गोष्टीचं सार एवढंच: आपली चूक आपल्याच नावानं सांगावी, कारण दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक सगळ्यांनाच चुकीचं शिकवते.